डोंगर कापण्यापूर्वी नकाशा वाचा

आषाढ-श्रावणातला पाऊस या किनाऱ्याला नवा नाही आणि सह्याद्रीच्या दरडीही नव्या नाहीत. तथापि जुलै महिना जवळ आला की डोंगराच्या कुशीत राहणाऱ्या माणसाच्या पोटात गोळा उठावा, अशी परिस्थिती अलीकडे निर्माण झाली आहे. पुणे जिल्ह्यातील माळीण गाव ३० जुलै २०१४ रोजी डोंगराखाली गेले आणि दीडशेच्या वर माणसे दगावली. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळिये गावावर तोच प्रसंग ओढवला व ऐंशीहून अधिक जीव गेले. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडी झोपेतच गाडली गेली. २७ मृतदेह हाती लागले, ५७ जणांचा शोध अखेर थांबवावा लागला. माळीणच्या दुर्घटनेला दहा वर्षे पुरी झाली त्याच दिवशी, ३० जुलै २०२४ रोजी, केरळमधील वायनाड जिल्ह्यात मुंडक्कै आणि चूरलमला या गावांचा विध्वंस झाला आणि अडीचशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्याच महिन्याच्या १६ तारखेला, आमच्या काणकोणहून थोड्याच अंतरावर, अंकोला तालुक्यातील शिरूर येथे राष्ट्रीय महामार्गावर डोंगर उतरला. त्याखाली सापडलेला एक मालट्रक गंगावळी नदीच्या पात्रातून बाहेर काढावयास ७१ दिवस लागले.

आपण गोमंतकीय यातून सुटलो आहोत, असे मानण्यात अर्थ नाही. २३ जुलै २०२१ रोजी दूधसागरच्या परिसरात दरड आल्यामुळे मंगळूरहून मुंबईस निघालेली आगगाडी रुळांवरून घसरली. ऑगस्ट २०२० मध्ये पेडणे येथील कोकण रेल्वेच्या बोगद्याची भिंत ढासळली. चोर्ला, अनमोड आणि करमल या घाटांतून पावसाळ्यात जाणाऱ्यास रस्त्यावर आलेली माती आणि आडवी पडलेली झाडे पाहण्याची सवयच झाली आहे. आजवर येथे माळीण घडले नाही, हे आपले सुदैव. सुदैवाला धोरण समजून राज्य चालविता येत नाही.

प्रत्येक दुर्घटनेनंतरचा क्रम ठरलेला असतो. मंत्र्यांचे दौरे होतात, मदतीचे धनादेश वाटले जातात, समिती नेमली जाते आणि दसरा-दिवाळीपर्यंत सारे विस्मरणात जाते. बैल गेला आणि झोपा केला, असे आपण म्हणतो. येथे तर बैल गेल्यावरही झोपा पुरा बांधला जात नाही. डोंगर कोठे कोसळण्याचा संभव आहे, हे आधी सांगता येते काय? शास्त्राचे उत्तर असे की, बऱ्याच अंशी सांगता येते. मग ते सांगितलेले कोणाच्या कामी येते? या दुसऱ्या प्रश्नाकडे वाचकांचे व राज्यकर्त्यांचे लक्ष वेधावे, असे आम्हांस वाटते.

दरडप्रवण जागांचा नकाशा करण्याची कल्पना जुनी आहे. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक खात्यातील अर्ल ब्रॅब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियातील सॅन मटेओ परगण्याचा असा नकाशा १९७२ मध्येच प्रसिद्ध केला होता. त्या काळी हे काम पारदर्शक कागद एकावर एक ठेवून हाताने करावे लागे. रॉजर टॉमलिन्सन यांनी कॅनडात १९६० च्या दशकात उभारलेल्या भौगोलिक माहिती प्रणालीने हेच काम पुढे संगणकावर आणले. तत्त्व साधे आहे. एका थरावर जमिनीचा उतार, दुसऱ्यावर खडकाची जात, तिसऱ्यावर भेगा व भ्रंश, चौथ्यावर मातीची जाडी, पाचव्यावर ओहोळ-नाले, सहाव्यावर झाडी, शेती, रस्ते आणि घरे. हे सारे थर एकाच मापात आणून एकमेकांवर ठेवले की प्रत्येक चौकोनी तुकड्याची कुंडली तयार होते. शेवटचा आणि सर्वांत मोलाचा थर असतो पूर्वी पडलेल्या दरडींचा.

या थरांना वजन कसे द्यावयाचे? एक मार्ग जाणकाराच्या अनुभवाचा. आर. अनबलगन यांनी १९९२ मध्ये हिमालयासाठी जी गुणपद्धती मांडली, तीत एकूण दहा गुण आहेत. खडक, खडकाची रचना, उतार आणि जमिनीचा वापर यांना प्रत्येकी जास्तीत जास्त दोन. डोंगराची सापेक्ष उंची आणि भूजल यांना प्रत्येकी एक. भारतीय मानक संस्थेने १९९८ मध्ये डोंगराळ प्रदेशातील दरडधोक्याच्या नकाशांसाठी मानक प्रसिद्ध केले, तेही याच धाटणीचे. दुसरा मार्ग आकडेमोडीचा. समजा, एखाद्या तालुक्यातील दहा टक्के जमीन तीस ते चाळीस अंशांच्या उताराची आहे, परंतु पूर्वीच्या दरडींपैकी तीस टक्के तेथेच पडल्या आहेत. अर्थात त्या उताराचा धोका सरासरीच्या तिप्पट. असे प्रत्येक थराचे गणित मांडून बेरीज करावयाची. माहीत असलेल्या दरडींपैकी काही मुद्दाम बाजूला ठेवून, तयार झालेला नकाशा त्यांच्या जागा बरोबर ओळखतो की नाही, याची परीक्षाही घेता येते. यात जादू नाही आणि ज्योतिषही नाही. भूतकाळात ज्या परिस्थितीत डोंगर सुटला, तशाच परिस्थितीत तो पुन्हा सुटेल, एवढाच त्यामागचा तर्क आहे.

आपल्या देशात हे काम झाले नाही, असे कोणी म्हणू नये. १८५१ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने २०१४ मध्ये राष्ट्रीय दरडप्रवणता नकाशांकनाचा कार्यक्रम हाती घेतला. हिमाच्छादित प्रदेश वगळता देशाच्या सुमारे १२.६ टक्के भूभागाला, म्हणजे सुमारे ४.२ लाख चौरस किलोमीटर क्षेत्राला दरडींचा धोका आहे, असे या संस्थेचे म्हणणे आहे. त्यांपैकी सुमारे ९० हजार चौरस किलोमीटर पश्चिम घाट व कोकणातील डोंगरांत येतात आणि त्यात गोवाही आहे. भारतीय अवकाश संशोधन संस्थेच्या हैदराबाद येथील केंद्राने २०२३ मध्ये दरडींचा जो नकाशासंग्रह प्रसिद्ध केला, त्यात १९९८ ते २०२२ या काळातील सुमारे ८० हजार दरडींची नोंद आहे. जुलै २०२४ मध्ये कोलकाता येथे दरडींचा पूर्वअंदाज देणारे राष्ट्रीय केंद्रही सुरू झाले. शास्त्रज्ञांनी आपले काम केले आहे, हे मान्य केलेच पाहिजे.

मग माणसे का मरतात? याचे पहिले उत्तर नकाशाच्या मापात आहे. राष्ट्रीय कार्यक्रमातील नकाशे पन्नास हजारास एक या प्रमाणाचे आहेत, म्हणजे कागदावरील एक सेंटिमीटर जमिनीवर अर्धा किलोमीटर. चाळीस-पन्नास घरांची वाडी दोनशे मीटरांत मावते. ती या नकाशावर चार मिलिमीटरांची होते. जिल्ह्याचे नियोजन करावयास हे माप ठीक. घराच्या मागची दरड मात्र त्यात दिसत नाही. इर्शाळवाडीचे नाव संभाव्य दरडग्रस्त गावांच्या यादीत नव्हते, असे दुर्घटनेनंतर सरकारकडूनच सांगण्यात आले. दुरून डोंगर साजरे दिसतात, तसे मोठ्या प्रमाणाच्या अभावी ते सुरक्षितही दिसतात. दहा हजारास एक या प्रमाणाचा नकाशा केला तर तीच वाडी दोन सेंटिमीटरांची होते, तिच्यामागचा व्हाळ आणि त्यावरचा कडा वेगळा काढून दाखविता येतो.

दुसरे उत्तर अधिक गंभीर आहे. प्रवणतेचा नकाशा दरड कोठे सुटेल हे सांगतो. सुटलेली दरड कोठवर जाईल, हे तो सांगत नाही. वायनाडची दरड समुद्रसपाटीपासून सुमारे १,५५० मीटर उंचीवर सुटली आणि चिखल, पाषाण व झाडे यांचा लोंढा नदीच्या पात्रातून सुमारे आठ किलोमीटर वाहत गेला, असे उपग्रहचित्रांवरून दिसून आले. मेली ती माणसे कड्यावर राहत नव्हती. ती खाली, नदीच्या काठी, तुलनेने सपाट जागी राहत होती. उताराचाच थर पाहून जो नकाशा रंगवील, तो त्या सपाट काठाला निर्धोक ठरवील. वस्तुतः लोंढ्याच्या वाटेचा वेगळा नकाशा केल्यावाचून प्रवणतेचा नकाशा अर्धाच राहतो. शिवाय तो काळाविषयी काहीच बोलत नाही. पावसाची मोजणी त्याला जोडली, अमुक तासांत अमुक मिलिमीटर पाऊस झाला की अमुक वाडी हलवावयाची असे ठरले, तरच त्यातून इशारा निर्माण होतो.

तिसरे उत्तर आपल्या हातांत आहे आणि म्हणूनच ते आम्हांस सर्वांत महत्त्वाचे वाटते. नकाशा ज्या दिवशी काढला, त्या दिवशीचा डोंगर तो दाखवितो. दुसऱ्या दिवशी कोणी यंत्र लावून पायथा कापला, तर तेथे एक नवा, जवळजवळ उभा उतार जन्माला येतो आणि नकाशाला त्याचा पत्ता नसतो. कालपर्यंत हिरव्या रंगाने रंगविलेली, म्हणजे कमी धोक्याची जमीन एका आठवड्यात लाल होते. शिरूर येथे महामार्गासाठी डोंगराचा पायथा कापलेला होता, हे विसरता येणार नाही. अनबलगन यांच्या दहा गुणांतील जमिनीच्या वापराचे दोन गुण तर उघडउघड माणसाचेच. परंतु कुदळ आणि यंत्र चालविणारा माणूस उताराचे दोन गुणही आपल्या हाती घेतो, आणि पाण्याची वाट अडविली की भूजलाचा गुणही.

गोव्याच्या भूमीत ही गोष्ट विशेष जपली पाहिजे. आमच्या टेकड्यांवर जांभ्या दगडाचे कवच आहे. चिरेखणीत दिसतो तसा तो कठीण, परंतु सच्छिद्र. पावसाचे पाणी तो शोषून घेतो आणि खाली सोडतो. खाली असते ती मूळ खडक कुजून झालेली पिवळी-पांढरी चिकट माती. पाणी तेथे अडते, मातीच्या कणांमधील दाब वाढतो, कणांची एकमेकांवरील पकड सुटते आणि वरचे कवच घेऊन सारा उतार घसरतो. वरून कातळ पाहून 'जागा भक्कम आहे' असे म्हणणारा माणूस या आतल्या मातीला विसरतो. वर्षाकाठी सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या प्रदेशात टेकडीचा पायथा कापून ही माती उघडी करणे, सड्यावरचे झरे बुजविणे किंवा पाण्याची वाट वळविणे म्हणजे पुढील पिढीच्या अंगणात दरड आणून ठेवणे होय. सत्तरी, धारबांदोडा, सांगे व काणकोण या तालुक्यांतील घाटउतार आणि किनाऱ्यालगतच्या टेकड्या, दोहोंनाही हे लागू आहे. खाणींच्या पट्ट्यात तर मूळ भूरूपच बदलले असून, टाकाऊ मातीचे ढीग आणि पाण्याने भरलेले खड्डे लक्षात घेऊन तेथे नकाशा नव्यानेच काढावा लागेल.

कायदा नाही, अशी तक्रारही करता येणार नाही. गोव्याच्या नगर व ग्राम नियोजन कायद्यातील कलम १७-अ हे परवानगीवाचून टेकडी कापण्यास आणि सखल जमीन भरण्यास मनाई करते. पण परवानगी देताना कोणता नकाशा समोर ठेवावयाचा, हा खरा प्रश्न आहे. प्रत्येक तुकड्याचा अर्ज सुटा पाहिला तर प्रत्येक कापणी लहानच दिसते. डोंगराला मात्र त्या सगळ्या कापण्यांचा भार एकत्र सोसावा लागतो.

नकाशा असूनही तो न वाचल्याचे उदाहरण शोधण्यास दूर जावयास नको. प्रा. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील समितीने ऑगस्ट २०११ मध्ये आपला अहवाल सादर केला, तेव्हा सबंध पश्चिम घाटाचे सुमारे नऊ किलोमीटर लांबी-रुंदीचे चौकोन पाडून, संगणकाच्या साह्याने त्यांची प्रतवारी केली होती. वायनाडमधील वैत्तिरी तालुका त्यांनी सर्वाधिक संवेदनशील वर्गात घातला होता. मुंडक्कै आणि चूरलमला याच तालुक्यात येतात. त्याच मेप्पाडी पंचायतीत, पुत्तुमला येथे, ८ ऑगस्ट २०१९ रोजी दरडीने १७ माणसे घेतली. तो इशाराही वाया गेला. पश्चिम घाटातील ५६,८२५.७ चौरस किलोमीटर क्षेत्र पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील म्हणून घोषित करण्याच्या अधिसूचनेचा सहावा मसुदा केंद्राने काढला तो ३१ जुलै २०२४ रोजी, वायनाडच्या दुसऱ्या दिवशी. त्यात गोव्याचे १,४६१ चौरस किलोमीटर आहेत. गाडगीळ समितीच्या सर्वच शिफारशी सर्वांना पटल्या पाहिजेत, असा आमचा आग्रह नाही. मात्र ज्यांना त्या पटत नाहीत, त्यांनीही उताराचे गणित नाकारू नये. डोंगर राजकीय पक्ष पाहून कोसळत नाही.

असे नकाशे जाहीर झाले तर जमिनीचे भाव पडतील, कर्ज मिळणार नाही, विकास खुंटेल, असा आक्षेप घेतला जातो. तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही. आयुष्यभराची पुंजी घालून टेकडीच्या पायथ्याशी घर बांधलेल्या कुटुंबाला लाल रंगाची धास्ती वाटणारच. परंतु भाव टिकावेत म्हणून धोका लपविणे ही विकत घेणाऱ्याची फसवणूक आहे, आणि राहणाऱ्याची त्याहून मोठी. दुसरी भीती अधिक रास्त आहे. नकाशाच्या नावाखाली डोंगरातल्या गरिबाला हुसकावून लावावयाचे आणि तीच जागा उद्या एखाद्या वसाहतीसाठी मोकळी करावयाची, असे होता कामा नये. नकाशाचा नियम लागू व्हावयाचा तर तो प्रथम नव्या कापणीला आणि मोठ्या बांधकामाला लागू व्हावा. जुन्या वाड्यांच्या बाबतीत आधी पाण्याचा निचरा, आधारभिंती, झाडी आणि वेळेवरचा इशारा हे उपाय पाहावेत. स्थलांतर शेवटचे, आणि तेही गावकऱ्यांच्या संमतीने, त्यांच्या शेताभाटापासून फार दूर न नेता.

हे सारे अव्यवहार्य आहे काय? हाँगकाँगकडे पाहा. १८ जून १९७२ या एकाच दिवशी तेथे दोन दरडींत १३८ माणसे मेली. १९७६ मध्ये पुन्हा दुर्घटना घडली. १९७७ मध्ये तेथील सरकारने डोंगरउतारांवर देखरेख ठेवणारे स्वतंत्र खाते उभारले. माणसाने कापलेल्या वा भरलेल्या सुमारे ६० हजार उतारांची नोंदवही आज तेथे आहे. प्रत्येक उताराला क्रमांक आहे आणि त्याची निगा कोणी राखावयाची हे ठरलेले आहे. तेथेही डोंगर आहेत, मुसळधार पाऊस आहे आणि जमिनीचा भाव आमच्याहून कितीतरी अधिक आहे. दरडी अजूनही पडतात. माणसे मरण्याचे प्रमाण मात्र कितीतरी खाली आले. ३,७०२ चौरस किलोमीटरच्या गोव्यात, आणि त्यातही डोंगराळ असलेल्या काही तालुक्यांत, असे काम करणे ही काही आकाशातली गोष्ट नव्हे.

म्हणून सरकारपुढे आम्ही काही मागण्या ठेवीत आहोत. पहिली, भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या साह्याने घाटतालुक्यांचा आणि वस्तीलगतच्या सर्व टेकड्यांचा दहा हजारास एक या प्रमाणाचा दरडप्रवणता नकाशा करावा आणि त्यावर लोंढ्याच्या वाटाही दाखवाव्यात. दुसरी, टेकडी कापण्याच्या प्रत्येक अर्जावर या नकाशातील जागा दाखविल्याशिवाय आणि भूवैज्ञानिकाचा लेखी अभिप्राय घेतल्याशिवाय निर्णय होऊ नये. तो अभिप्राय लोकांना पाहता यावा. तिसरी, रस्ता, रेल्वे वा घर यांसाठी आजवर कापलेल्या उतारांची नोंदवही तयार करून प्रत्येकाची जबाबदारी ठरवावी. चौथी, पावसाळ्यानंतर दर वर्षी नकाशात दुरुस्ती व्हावी.

पाचवी मागणी आमच्या दृष्टीने सर्वांत निकडीची. राष्ट्रीय नकाशे कुलूपबंद नाहीत, संगणकावर ते कोणालाही पाहता येतात. परंतु जी इंग्रजी शास्त्रीय भाषा आणि जे रंग तज्ज्ञास कळतात, ते पंचायतीच्या सदस्याला कळतीलच असे नाही. ज्याच्या घरामागे डोंगर आहे, त्याला समजेल अशा मराठीत व कोकणीत तो नकाशा मोठा छापून पंचायतीच्या भिंतीवर लावावा आणि ग्रामसभेत त्याचे वाचन व्हावे. याचा दुहेरी लाभ आहे. उपग्रहाला जंगलातील जुनी दरड झाडीखाली दिसत नाही, आणि सरकारदप्तरी बहुधा रस्त्यावर आलेल्या दरडीचीच नोंद होते. आजोबांच्या काळी कोणता उतार सरकला होता, कोणता झरा अलीकडे आटून दुसरीकडे फुटला, कोठे झाडे कलली, कोठे कुळागराच्या वरच्या अंगाला जमिनीस भेग पडली, हे गावातल्या वृद्धांना ठाऊक असते. हा थर कोणत्याही संगणकात नाही. तो तज्ज्ञाच्या थरांवर ठेवला, तर नकाशा अधिक खरा होईल आणि गाव त्याला आपला मानील.

येत्या पावसाळ्यापूर्वी हे सारे पुरे होणार नाही, हे आम्ही जाणतो. परंतु ग्रामसभेत नकाशा मागण्यास कोणाच्या परवानगीची गरज नाही. आपल्या पंचायतीत टेकडी कापण्याचा पुढचा अर्ज येईल तेव्हा 'ही जागा नकाशात कोणत्या रंगाची आहे, आणि हिच्या खाली कोण राहते?' एवढे दोन प्रश्न प्रत्येक गावकऱ्याने उभे राहून विचारावेत. त्यांची उत्तरे कागदावर मिळेपर्यंत डोंगराला यंत्र लागू देऊ नये, असे आमचे वाचकांना कळकळीचे आवाहन आहे.